पानावरचा पहारा

चतुर्थी आली की गोमंतकातल्या घराघरांत पानांचा सुकाळ होतो. माटोळीला बांधायचे आंब्याचे डहाळे, पूजेची एकवीस प्रकारची पत्री, पातोळ्यांसाठी हळदीची पाने आणि पंगतीला केळीची पाने. ही सारी पाने आपण पाण्याखाली धरतो, झटकतो, फडक्याने पुसतो आणि ती निर्मळ झाली असे समजून पुढच्या कामाला लागतो. विधीच्या दृष्टीने ती शुद्ध झालीच. त्याबद्दल आमचे काहीएक म्हणणे नाही. परंतु जीवशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर निर्जंतुक पान ही वस्तू बागेत अस्तित्वातच नसते. नखाएवढ्या, म्हणजे सुमारे एक चौरस सेंटिमीटर जागेवर दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत जीवाणू नांदत असतात. त्यांच्या जोडीला यीस्ट आणि नाना जातींच्या बुरशी असतात त्या वेगळ्याच. हे वाचून कोणास किळस आली असेल तर त्यांनी थोडा धीर धरावा. या गर्दीतील बहुसंख्य रहिवासी झाडाला कसलाही उपद्रव देत नाहीत, आणि त्यांपैकी काही तर झाडावर चालून येणारा रोग वेशीवरच अडवून धरतात.

शेतीच्या चर्चेत या रहिवाशांचे नाव क्वचितच निघते. रोग म्हटला की औषध, आणि औषध म्हटले की मारणारे औषध, हे समीकरण आता शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या आणि सरकारी सल्लागाराच्याही अंगवळणी पडले आहे. मारणाऱ्या औषधाने रोगजंतू मेला की काम फत्ते झाले, असे सर्वजण मानतात. त्याच फवाऱ्याखाली आणखी कोण कोण मेले, याची विचारपूस होत नाही. ज्या मुलखात वर्षातले चार महिने पान वाळतच नाही, त्या मुलखाने तरी ही विचारपूस करायला हवी, असे आम्हांस वाटते. म्हणूनच हा विषय आज आम्ही अग्रलेखाच्या जागी घेतला आहे.

मुळांभोवतीच्या मातीत उपकारक जीवाणू असतात, हे ज्ञान जुने आहे. जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्त्स हिल्टनर यांनी १९०४ साली त्या परिसराला स्वतंत्र नावही दिले. पानाची पाळी यायला मात्र अर्धे शतक जावे लागले. १९५५ साली इंग्लंडमध्ये एफ. टी. लास्ट यांनी धान्याच्या पानांवरील यीस्टचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९५६ साली जाकोबा रूइनेन या डच विदुषीने इंडोनेशियातील पानांवर हवेतला नत्र बांधणारे जीवाणू सापडल्याचे जाहीर केले. पानाच्या पृष्ठभागावरील या जीवसृष्टीला ‘फायलोस्फिअर’ हे नाव त्याच सुमारास मिळाले. मराठीत आपण त्याला पर्णमंडल म्हणू. यातली एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या विद्येच्या आरंभीचा एक धागा आपल्यासारख्याच उष्ण, दमट, पावसाळी प्रदेशातून आला. पुढची बरीचशी मोजदाद मात्र थंड देशांतल्या गव्हावर, सफरचंदांवर आणि प्रयोगशाळेतल्या कुंड्यांवर झाली. पोफळीच्या, मिरवेलीच्या, माडाच्या पानांवर भर आषाढात कोण राहते, याविषयी आपल्या हाती असलेली माहिती त्या मानाने तुटपुंजी आहे.

पान ही राहायला सुखाची जागा नव्हे. सकाळी दवाने भिजलेला पृष्ठभाग दुपारी तव्यासारखा तापतो. सूर्याचे अतिनील किरण थेट अंगावर येतात, वर मेणाचा थर असल्याने पाणी टिकत नाही आणि खायला पानातून झिरपणाऱ्या किंचित साखरेवाचून फारसे काही नसते. अशा ठिकाणी ज्यांना तग धरता येतो तेच तेथे उरतात. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या अंगी गुलाबी, पिवळा वा नारिंगी रंग असतो आणि तो त्यांना उन्हापासून वाचवतो. पानाच्या शिरांलगतच्या खाचा, लवीची बुडे आणि पर्णरंध्रांच्या आसपासची जागा येथे त्यांचे वाडे असतात. बाकीचा माळ जवळजवळ ओसाडच म्हणायचा. पान वाढत असताना पर्णरंध्रांतून मिथेनॉलची वाफ बाहेर पडते. तिच्यावरच उदरनिर्वाह करणारे गुलाबी जीवाणूंचे एक कूळ जवळजवळ प्रत्येक झाडावर आढळते. हे सगळे रहिवासी वाऱ्याने येतात, पावसाच्या थेंबांतून उतरतात, किड्यांच्या पायांना चिकटून येतात, मातीचे शिंतोडे उडाले की वर चढतात, आणि काही तर बियांतूनच रोपाबरोबर जन्माला येतात. हा पसारा केवढा, तर पृथ्वीवरील सर्व पानांच्या दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ एका अंदाजाप्रमाणे ६४ कोटी चौरस किलोमीटर भरते. समुद्रांसह साऱ्या पृथ्वीचा पृष्ठभाग ५१ कोटींच्या आसपास आहे.

आता हे रहिवासी रोग कसा अडवतात ते पाहू. आपल्या घरातल्या विरजणाचे उदाहरण येथे चपखल लागू पडते. कोमट दुधात चमचाभर चांगले विरजण वेळेवर पडले तर दही लागते. विरजण घालायला विसरले तर तेच दूध नासते. दोन्ही वेळी दूध तेच आणि भांडेही तेच. फरक पडतो तो आधी कोण पोहोचले आणि दुधातली साखर कोणी खाल्ली याने. पानावरही पुष्कळ अंशी हेच घडते. रोगकारक बुरशीचा बीजकण पानावर पडला की त्याला अंकुरायला आणि पानात शिरण्याइतके बळ यायला थोडे अन्न लागते. ते अन्न आधीच्या रहिवाशांनी चाटूनपुसून खाल्लेले असेल, तर कण तसाच उपाशी पडून राहतो.

ही नुसती कल्पना नव्हे. हॉलंडमध्ये एन. जे. फोक्केमा यांनी १९७० च्या सुमारास राय नावाच्या गव्हासारख्या धान्यावर जे प्रयोग केले, ते या विषयात आजही मोलाचे आहेत. पीक फुलावर आले की परागकणांचा सडा पानांवर पडतो. परागकणांत साखर आणि पौष्टिक द्रव्ये भरपूर असतात. फोक्केमांनी पानांवर पराग आणि रोगकारक बुरशी एकत्र टाकली, तेव्हा रोग झपाट्याने वाढला. पण पानांवर निरुपद्रवी यीस्ट आणि इतर बुरशींची वस्ती आधीच दाट असेल, तर त्या वस्तीने पराग फस्त केला आणि रोगाचा जोर ओसरला. किडे पानावर जो चिकट गोड द्रव टाकतात त्याचीही हीच गत होते. आपल्याकडे मोहराच्या दिवसांत तुडतुडे आंब्याच्या पानांवर असाच चिकटा टाकतात आणि त्यावर काजळीसारखी काळी बुरशी माजते. आंबा बागायतदाराला हे दृश्य नवे नाही. त्या साखरेवर पहिला हात कोण मारतो, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

फोक्केमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली याच प्रयोगमालेतली दुसरी बाजू मांडली, आणि आमच्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. बेनोमिल हे त्या काळातले नावाजलेले बुरशीनाशक होते. ते फवारल्यावर पानांवरील निरुपद्रवी बुरशींची संख्या घटली. ज्या रोगकारक बुरशीचा अभ्यास चालला होता तिला मात्र बेनोमिलची बाधा होत नव्हती. परिणाम असा झाला की औषध फवारलेल्या पानांवर तो रोग न फवारलेल्या पानांपेक्षा अधिक पडला. पहारेकरी मारले गेले आणि चोर तसाच राहिला. याच बुरशीच्या गोतातली एक जात भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग आणते. १९४२ साली बंगालच्या भातावर तो रोग पसरला होता आणि १९४३ च्या दुष्काळाच्या कारणांत त्याची गणना केली जाते. तेव्हा हॉलंडमधल्या रायच्या पानाशी आपला संबंध काय, असे कोणी विचारू नये.

जागा अडवणे आणि अन्न संपवणे हा झाला एक प्रकार. काही जीवाणू याहून आक्रमक असतात. स्यूडोमोनास फ्लुओरेसन्स नावाचा जीवाणू लोह ओढून घेणारे एक द्रव्य बाहेर सोडतो. त्या द्रव्यामुळे अतिनील प्रकाशात तो हिरवट पिवळा चमकतो आणि त्याच्या नावात तो गुण आला आहे. लोहावाचून प्रतिपक्षाची वाढ खुंटते. शिवाय तो आणि बॅसिलस कुळातले जीवाणू प्रतिजैविकेही तयार करतात. काही रहिवासी झाडालाच सावध करतात. त्यांची चाहूल लागताच झाडाची स्वतःची संरक्षणव्यवस्था अर्धवट जागी होते आणि खरा शत्रू येतो तेव्हा तिचा वेळ वाया जात नाही. आणि एक बुरशी तर दुसऱ्या बुरशीला सरळ खाते. द्राक्ष, काकडी, भोपळा यांच्या पानांवर पिठासारखी भुरी पडते, ते सर्वांनी पाहिलेले आहे. त्या भुरीच्याच तंतूंत शिरून तिला आतून पोखरणारी अँपेलोमायसिस नावाची बुरशी निसर्गात आहे आणि तिची औषधेही बाजारात आली आहेत.

अमेरिकेतील एक हकीकत येथे थोडक्यात सांगण्याजोगी आहे, जरी तिच्यातले हिवाचे संकट आपल्या किनाऱ्याला ठाऊक नसले तरी. काही जीवाणूंच्या अंगी बर्फाचा कण बनवण्याची शक्ती असते. ते पानावर असले की शून्याखाली दोन-चार अंशांवरच पान गोठून फुटते, आणि ते नसले तर तेच पान आणखी थंडी सोसते. कॅलिफोर्नियातील स्टीव्हन लिंडो यांनी ही शक्ती काढून घेतलेला जीवाणू तयार केला, तो आधीच फवारून जागा अडवायची अशी युक्ती काढली, आणि खटले, निदर्शने, रोपांची नासधूस हे सर्व सोसून १९८७ साली बटाटा आणि स्ट्रॉबेरीच्या शेतांत त्याची चाचणी झाली. जनुकबदल केलेला जीवाणू उघड्या शेतात सोडण्याचा जगातला तो पहिला प्रसंग. तो जीवाणू बाजारात कधी आला नाही. पण निसर्गातूनच वेचलेला, काहीही बदल न केलेला त्याच कुळातला एक जीवाणू नासपतीच्या फुलोऱ्यावर फवारण्यासाठी विकला जाऊ लागला. तो हिवालाही आवरतो आणि फुले करपवणाऱ्या ‘अग्निकरपा’ रोगालाही आळा घालतो. मात्र फूल उमलल्याबरोबर तो पोहोचला पाहिजे. रोगजंतू आधी बसले तर मग त्याचा उपयोग नाही. विरजणाचा नियम येथेही सुटत नाही.

सगळेच रहिवासी पहारेकरी असतात असा मात्र गैरसमज नको. झुरिच येथील तंत्रविद्यापीठात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, निर्जंतुक वाढवलेल्या रोपट्यांवर निरनिराळे जीवाणू सोडून मग रोगजंतू सोडला गेला. स्फिंगोमोनास कुळातल्या जीवाणूंनी रोपांचे स्पष्ट रक्षण केले. वर ज्यांचा उल्लेख केला त्या मिथेनॉल खाणाऱ्या गुलाबी जीवाणूंनी केले नाही. दोघेही त्याच पानावर, तितक्याच संख्येने राहू शकतात. एक कामाचा निघाला, दुसरा नुसता शेजारी. ‘सेंद्रिय आहे म्हणजे चांगले’ असे सरसकट बोलणाऱ्यांनी हा फरक ध्यानी धरावा.

आपल्या हवेच्या दृष्टीने याहून बोलका प्रयोग मिशिगनमधला आहे. तेथील संशोधकांनी २०२० साली असे दाखवले की, पानाच्या आत राहणाऱ्या जीवाणूंवर झाड स्वतः वचक ठेवते. त्यासाठी लागणारी चार जनुके मोडलेली रोपे भरपूर दमट हवेत ठेवली, तेव्हा बाहेरून कोणताही रोगजंतू सोडलेला नसतानाही पाने पिवळी पडून करपू लागली. आतल्या जीवाणूंची संख्या वाढली होती आणि त्यांचे आपापसातले प्रमाण बिघडले होते. तो बिघडलेला समुदाय निरोगी निर्जंतुक रोपांवर नेऊन सोडला, तर तीही आजारी पडली. निरोगी पानांवरचा समुदाय सोडला, तर काही झाले नाही. दमट हवा ही या सर्व प्रकरणातली मोठी अट होती. ज्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, तेथील झाड हा वचक कसा सांभाळते, हा प्रश्न आमच्या मनात तेव्हापासून घर करून आहे.

भाताचीही एक हकीकत आहे. चीनच्या झेजियांग प्रांतात भाताच्या एकाच वाणाची रोपे काही गावांत एका जीवाणूजन्य रोगाने कुजत आणि काही गावांत कुजत नसत. वाण तोच, म्हणजे बियाण्याच्या वंशात फरक नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचे कारण बियांच्या आत सापडले. जेथे रोग पडत नव्हता तेथील बियांत स्फिंगोमोनासची एक जात पिढ्यान्‌पिढ्या वास करून होती. ती अँथ्रॅनिलिक आम्ल तयार करते आणि त्या आम्लाने रोगजंतूची विष बनवण्याची यंत्रणाच बंद पडते. रोगजंतू मरत नाही. त्याचे विष तेवढे जाते. हे जीवाणू पुढच्या पिढीत बियांतूनच जातात. आपल्या खाजनांत कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे जुने वाण जे शेतकरी अजून घरचे बी राखून पेरतात, त्यांच्या कणग्यांत भाताबरोबर आणखी काय जपले गेले आहे, हे तपासण्याजोगे आहे. दुकानातले पाकीट आणताना जुने बी उकिरड्यावर जाते, तेव्हा काय गेले हे कळायलाही मार्ग उरत नाही.

आता कुळागराकडे वळू. फोंडा, सत्तरी, सांगे, काणकोण या भागांतल्या बागायतदाराला पावसाळा म्हटला की पहिली धास्ती कोळेरोगाची असते. रोगकारक फायटोफ्थोरा हा पाण्यात पोहणारे कण सोडतो; संततधार लागली की एका घोसावरून दुसऱ्या घोसावर तो थेंबांबरोबर पसरतो आणि कोवळ्या सुपाऱ्या सडून खाली पडतात. त्यावरचा उपाय बोर्डो मिश्रण. फ्रान्सच्या मेदोक भागात चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेलींना केवडा रोग होत नाही हे मिलार्दे यांनी १८८२ साली पाहिले आणि १८८५ साली उपाय जाहीर केला. तोच उपाय म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी पोफळींवर आजमावला आणि १९१० साली कोळेरोगावरचे आपले विवेचन प्रसिद्ध केले. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. पावसाच्या तोंडावर एक फवारणी आणि सुमारे चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी याहून भरवशाचा आणि स्वस्त उपाय बागायतदाराच्या हाती आलेला नाही.

तेव्हा आम्ही बोर्डो टाकून द्या असे म्हणत नाही. आषाढात माडीखाली पडलेल्या हिरव्या सुपाऱ्यांचा खच ज्याने पाहिला आहे, तो आमचे ऐकणार नाही आणि त्याने ऐकूही नये. आमचे म्हणणे वेगळे आहे. तांबे हे मित्र आणि शत्रू पाहत नाही. मोरचुदाच्या फवाऱ्याने रोगकारक कणांबरोबर उपकारक जीवाणूही मरतात. ते तांबे पावसाने मातीत उतरते आणि तेथेच साचून राहते. फ्रान्सच्या जुन्या द्राक्षमळ्यांची माती त्याची साक्ष देते. कोळेरोगासाठी घोसावर मारायचे मिश्रण उरले म्हणून वांग्यावर, मिरचीवर, पानवेलीवर, कुंपणाच्या जास्वंदीवर मारून संपवायचे, ही जी सवय आहे तिला आमचा आक्षेप आहे. रोगाचे चिन्ह नसताना ‘असू दे, बाधणार तर नाही’ म्हणून केलेली फवारणी बाधते. फक्त ती दिसत नाही. घोसांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून पाऊस बाहेर ठेवण्याचा उपाय मजुरीला महाग पडतो हे आम्ही जाणतो. तरीही ज्यांच्या माड्या थोड्या आहेत आणि चढणारा माणूस घरचा आहे, त्यांनी तो जरूर करून पाहावा.

खताचेही तसेच आहे. कॅलिफोर्नियात बर्कली येथे २०१८ साली टोमॅटोवर झालेल्या एका प्रयोगात, शेतातल्या निरोगी झाडांवरून गोळा केलेला जीवाणूंचा समुदाय कोवळ्या रोपांवर फवारला, तेव्हा रोगापासून संरक्षण मिळाले. गंमत अशी की, जास्त मात्रेपेक्षा कमी मात्रा अधिक गुणकारी ठरली. आणि ज्या रोपांना खत घातले होते त्यांच्यावर हे संरक्षण नाहीसेच झाले. एका प्रयोगावरून खत बंद करा असा निष्कर्ष काढणे वेडेपणाचे होईल. परंतु रोप जरा निस्तेज दिसले की मूठभर युरिया फेकणाऱ्या हाताने क्षणभर थांबावे एवढा अर्थ त्यातून निश्चित निघतो.

राहता राहिला प्रश्न पाकिटातल्या जीवाणूंचा. कोइमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाने स्यूडोमोनासची पीएफ-१ ही जात निवडून ती शंखजिऱ्याच्या पुडीत मिसळून शेतकऱ्यांपर्यंत नेली. भाताचे बी पेरण्यापूर्वी किलोमागे दहा ग्रॅम पूड लावावी अशी तिची शिफारस आहे. करपा आणि खोडाच्या आवरणावर पडणारा रोग या दोहोंवर तिचा उपयोग होतो. आपल्याकडे जुने गोवे येथे एला फार्मवर असलेल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेनेही वांग्याच्या मर रोगावर उपकारक जीवाणूंचे काम केले आहे. म्हणजे विद्या आपल्यापासून दूर नाही. तरीही शेतकऱ्याचा अनुभव ऐकावा तर तो एकसारखा नसतो. एकाला गुण येतो, शेजाऱ्याला येत नाही. याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. ही पूड जिवंत आहे. ती मोरचुदाबरोबर एकाच पंपात कालवली तर पंपातच मरते. भर दुपारी फवारली तर उन्हाने मरते, म्हणून संध्याकाळची वेळ बरी. फवारल्यावर तासाभरात सर आली तर वाहून जाते. आणि सगळे नीट केले तरी प्रयोगशाळेच्या काचघरात जेवढा गुण दिसतो तेवढा उघड्या शेतात दिसेलच असे नाही, कारण तेथे आधीचे रहिवासी बसलेले असतात आणि नवख्याला ते सहजासहजी जागा देत नाहीत. हे विक्रेत्याने स्पष्ट सांगायला हवे. तो सांगत नाही.

याच्या उलट टोकालाही एक धोका आहे. जीवाणू चांगले, एवढे ऐकून कोणी शेणा-गोमूत्राचा घरी आंबवलेला काला पालेभाजीवर फवारू लागले, तर त्यातून मिळणारे जीवाणू कोणते, हे फवारणाऱ्यालाही ठाऊक नसते. जनावरांच्या आतड्यांतले, माणसाला हगवण लावणारे जंतूही त्यात असू शकतात. मातीत घालायला तो काला ठीक. पण कोथिंबीर, कांद्याची पात, कच्ची खायची काकडी यांवर तो शिंपडणे आम्हांस बिलकूल मान्य नाही. श्रद्धेचा प्रश्न वेगळा आणि ताटात येणाऱ्या पानाचा प्रश्न वेगळा.

सरकारकडे आमचे मागणे मोठे नाही. कुळागरांतील पोफळी, मिरवेल आणि केळ यांच्या पानांवर पावसाच्या आधी, भर पावसात आणि बोर्डोच्या फवारणीनंतर कोणते जीवाणू किती असतात, याची दोन-तीन वर्षे सलग मोजणी कृषी खात्याने एलाच्या संस्थेकडून आणि विद्यापीठाकडून करवून घ्यावी. रक्षण करणाऱ्या जाती त्यांत सापडल्या, तर त्या आपल्याच हवेत, आपल्याच पावसात मुरलेल्या असतील. दूरच्या मुलखातून आणलेल्या पुडीपेक्षा त्यांना येथे टिकणे सोपे जाईल अशी आशा बाळगायला हरकत नाही. हे काम पैशाने लहान आहे. त्याला उद्घाटनाचा फलक लागत नाही, म्हणूनच ते मागे पडण्याची भीती अधिक.

दुसरे काम त्याहून निकडीचे आहे. जिवंत जीवाणूंच्या पाकिटावर ग्रॅममागे किती जीव आहेत ते आणि मुदत संपण्याची तारीख, दोन्ही छापलेली असतात. पण एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात ते पाकीट महिना-दोन महिने पडून राहिले, तर छापील आकडा खरा राहत नाही. शेतकरी मग मेलेली पूड विकत घेतो, ती निष्ठेने बियाण्याला चोळतो, रोग आला की ‘हे सगळे थोतांड आहे’ म्हणतो आणि पुन्हा जुन्या बाटलीकडे वळतो. दुकानांतून पाकिटांचे नमुने उचलून त्यांतले जिवंत जीवाणू मोजणे हे कोणत्याही सामान्य सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत आठवडाभरात होण्यासारखे काम आहे. खात्याने ते करावे, निकाल वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध करावेत, आणि ते मृगाच्या आधी व्हावे. सरद पिकाचे बी भिजत घालण्याचे दिवस तेच आणि कुळागरांत मोरचूद-चुना कालवण्याचेही तेच.